पासिंग कितीची ते सोडा, दहावं अक्षर बघा

मावसभावाला सेकंड हँड गाडी घ्यायची होती, म्हणून रविवारी त्याच्याबरोबर गेलो. डीलर म्हणाला, "दादा, एकोणीसची गाडी, सिंगल ओनर." आरसीचा फोटो आधीच व्हॉट्सॲपवर आलेला, तोही एकाच बाजूचा. पासिंग, म्हणजे आरटीओतली नोंदणी, जानेवारी २०१९. भाऊ खूश.

मी बॉनेट उघडायला लावलं, रुमालाने पत्र्यावर ठोकलेला चेसिस नंबर, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक, पुसला आणि डावीकडून दहावं अक्षर मोजलं. 'जे'. म्हणजे गाडी २०१८ ची.

याला मेकॅनिक लागत नाही हो. चेसिस नंबरात आकडे आणि अक्षरं मिळून १७ असतात. आय, ओ, क्यू त्यात नसतात, कारण एक आणि शून्याशी घोळ होतो. पहिल्या तिघांवरून कंपनी कळते: एमए३ मारुती सुझुकी, एमए१ महिंद्रा, एमएटी टाटा. पुढे मॉडेल-इंजिनाचं कोडं, ते ज्याचं त्याला माहीत. शेवटी अनुक्रमांक. आपल्या कामाची जागा दहावी. बहुतेक गाड्यांत वर्ष तिथेच असतं. ए म्हणजे २०१०, तिथून चढत जा. एच २०१७, आय गाळून जे २०१८, के २०१९, एल २०२०. पी २०२३, क्यू गाळून आर २०२४. आपल्याकडे महिन्याचंही एक अक्षर असतं, पण त्याची जागा कंपनीगणिक बदलते.

नंबर अमेरिकन वेबसाइटवर टाकून 'चुकीचा' आला तर घाबरू नका. तिकडे नववा आकडा हा गणिती पडताळा असतो, बाकी सगळ्यांची वजनं लावून ११ ने भागायचं आणि बाकी तिथे लिहायची. आपल्याकडे ती सक्ती नाही. शिवाय तिकडे ते अक्षर 'मॉडेल इयर'चं, म्हणजे २०१८ मध्ये बनलेली गाडीसुद्धा रीतसर २०१९ ची असू शकते. डीलरने तिकडे दुकान टाकलं असतं तर कदाचित खरा ठरला असता.

माझा राग डीलरवर कमी आणि आपल्यावर जास्त आहे. डिसेंबरात उरलेला स्टॉक जानेवारीत पासिंग होतो हे शेंबडं पोरही सांगेल. उत्पादनाचा महिना-वर्ष आरसीवर छापलेला असतो. तरी आपण विचारतो काय, तर "पासिंग कितीची?" हप्ते पाच वर्षं भरायचे आणि कार्ड उलटून बघायचे कष्ट नकोत!

आणि आरसीवरचा नंबर पत्र्यावरच्या पंचिंगशी एकेक अक्षर ताडून बघा. घासल्याच्या खुणा, वेडावाकडा आकडा, ताजा रंग दिसला की गाडी कितीही चकचकीत असो, चहा पिऊन निघा. नावावर करताना फॉर्मवर पेन्सिलने चेसिस नंबरचा ठसा बहुतेकदा घ्यावा लागतो, मग तो पैसे देण्याआधी घ्यायला काय हरकत आहे?

डीलरला 'जे' दाखवला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, एवढं कोण बघतं?" आरसीची दुसरी बाजू मागितली. नोव्हेंबर २०१८. भावाने पंचवीस हजार कमी करून गाडी घेतली. आता तो येता-जाता सोसायटीतल्या गाड्यांची बॉनेटं उघडायला लावतोय.