आरएक्स-७ला रोटरीनं बुडवलं? चार दावे, चार उत्तरं

माझदाच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारबद्दल एक दावा वर्षानुवर्षं फिरतोय: सीलं (गळती रोखणाऱ्या पट्ट्या) सदोष म्हणून तिचं रोटरी इंजिन, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं इंजिन, तेल पितं, ८० हजार किलोमीटरला हमखास बसतं, ले माँची २४ तासांची शर्यत जिंकल्यावर त्यावर बंदी आली, आणि या इंजिनापायीच २००२मध्ये गाडी बंद पडली.

तेल पितं हे खरं, पण दोष म्हणून नव्हे. रोटरच्या तीन टोकांवरची अपेक्स सीलं हाउसिंगवर (रोटरभोवतीच्या आवरणावर) सतत घासत फिरतात. त्यांच्या वंगणासाठी मीटरिंग पंप मुद्दामच थोडं तेल आत सोडतो. दर दुसऱ्या टाकीला डिपस्टिक बघायची. तेलाची पातळी अजिबात उतरत नसेल, तर आधी पंप तपासा.

हमखास बसतं? टर्बो नसलेलं, ११४६ सीसीचं जुनं १२ए इंजिन चांगलंच चिवट आहे. बदनामी झाली ती मुख्यतः १९९१च्या एफडी मॉडेलच्या ट्विन-टर्बो १३बी-आरईडब्ल्यू इंजिनाची, आणि तिथंही कारणं ठरलेली. मोकळा एक्झॉस्ट लावला की बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वर सरकतो, पेट्रोल कमी पडतं, नॉकिंग (इंधनाचा अवेळी भडका) होतं आणि २ मिमीचं सील तुटतं. तुकडे थेट टर्बोत. दुसरं कारण उष्णता. कूलंटमधली हवा वेगळी करणारी प्लास्टिकची टाकी तडकते, इंजिन तापतं आणि कूलंट सीलं जातात. सुरू करताना पांढरा धूर आणि कूलंटच्या तोंडाशी बुडबुडे दिसले तर ही सीलं गेली समजा. ही टाकी ॲल्युमिनियमची बसवून घ्यावी.

गाडी घेताना ‘कॉम्प्रेशन चांगलं आहे’ एवढ्यावर विसंबू नका. साध्या गेजमधला व्हॉल्व्ह रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वात मोठाच आकडा धरून ठेवतो. रोटरीचा टेस्टर नसेल तर तो व्हॉल्व्ह काढा. इंजिन गरम, बॅटरी पूर्ण चार्ज, इग्निशन आणि पेट्रोल पंप बंद. ट्रेलिंग (दोनपैकी वरच्या) स्पार्क प्लगच्या जागी गेज लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर मारा आणि काट्याचे तीन झटके मोबाइलवर टिपा. तिन्ही सारखे हवेत. एक जोरदार आणि दोन मवाळ असतील तर अपेक्स सील गेलंय, कारण एक सील दोन शेजारी कप्प्यांना अडवतं. एकच मवाळ असेल तर संशय बाजूच्या सीलांवर. स्टार्टर मंद फिरला तर आकडे उगाच कमी येतात, हेही लक्षात असू द्या.

बंदीची कथा तर उलटीच आहे. ३.५ लिटर, बिनटर्बो पिस्टन इंजिनांचा नियम १९९१च्या आधीच ठरला होता; नव्या नियमाच्या गाड्या त्याच वर्षी उतरल्याही होत्या. १९९१ची ले माँ जिंकणाऱ्या माझदाच्या रोटरी गाडीला, ७८७बीला, तर वजनाची सवलत होती, ८३० किलो. जग्वार आणि मर्सिडीज १००० किलोच्या. तेव्हा ‘जिंकली म्हणून हाकलली’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं.

रोटरीवरचा रास्त आक्षेप वेगळाच: ज्वलनकक्ष लांबट आणि सरकता, भिंतींचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे उष्णता वाया जाते आणि थोडं पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. १९७३च्या तेलसंकटात माझदाला याचा फटका बसलाच.

पण ऑगस्ट २००२मध्ये टोयोटाची सुप्रा आणि निसानची स्कायलाइन जीटी-आरही बंद झाल्या, दोन्ही पिस्टनवाल्या. जपानचे नवे उत्सर्जन नियम आणि स्पोर्ट्स कारची घटलेली मागणी सगळ्यांनाच नडली. रोटरी तर पुढच्याच वर्षी आरएक्स-८मधून परतली, २०१२पर्यंत चालली. २०२३मध्ये माझदाच्या एमएक्स-३०मध्ये ८३० सीसीचा एकच रोटर जनरेटर फिरवायला आला.