नट लाल करू नका: गिअरबॉक्सवरचा गोल झालेला नट काढण्याच्या ‘सोप्या’ उपायाविषयी

जुन्या मोटारसायकलींची दुरुस्ती करणाऱ्यांमध्ये एक उपाय सध्या हातोहात फिरतो आहे. गिअरबॉक्सच्या शाफ्टवरचा नट कोपरे झिजून गोल झाला असेल, तर तो गॅसच्या ज्योतीने लाल होईपर्यंत तापवावा, गिअरच्या दात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवून शाफ्ट रोखावा, पान्याला लांब पाइप लावून नट डावीकडे फिरवावा आणि तरीही न सुटल्यास ग्राइंडरने कापून टाकावा. नट काय, नवा मिळतोच, असे त्यात सांगितले आहे. नवा नट मिळतो हे खरे. पण नट टाकूनच द्यायचा असेल, तर सांभाळायचे असतात ते शाफ्टवरचे आटे, आणि या उपायाची जवळजवळ प्रत्येक पायरी त्यांच्याच मुळावर येते.

आधी तापवण्याचे पाहू. उष्णतेचा उपयोग होतो, पण तो लाल रंगामुळे नव्हे. 20 मिलिमीटर व्यासाच्या आट्यांवरचा पोलादी नट शाफ्टपेक्षा 100 अंशांनी अधिक तापला, तर तो सुमारे 0.024 मिलिमीटरने सैल होतो. गंजाची पकड मोडायला बहुतेक वेळा एवढे पुरते. हा फरक टिकतो तो शाफ्ट गार असेपर्यंतच. नट लाल होईपर्यंत ज्योत धरून बसलो, तर उष्णता शाफ्टमध्ये उतरते, दोन्ही एकत्र फुगतात आणि मिळालेली सैल हातची जाते. शिवाय लाल दिसू लागलेले पोलाद 500 अंशांच्या वर गेलेले असते, तर कठीण केलेल्या शाफ्टचे आणि गिअरचे पाणी, म्हणजे मुद्दाम दिलेला कठीणपणा, 200 अंशांच्या आसपासच उतरू लागते. शेजारचे ॲल्युमिनियमचे केसिंग तर 660 अंशांच्या आधीच हार मानते. (ऑइल सील जळेल ही भीती मी पुढे करणार नाही, उघडलेल्या गिअरबॉक्सला नवे सील बसवायचेच असते.) हॉट एअर गनने फक्त नट झटपट तापवावा, त्यावर टाकलेला पाण्याचा थेंब चर्र करून उडाला की लगेच पाना लावावा.

‘डावीकडे फिरवा’ हा सल्ला सर्वांत महागात पडणारा आहे. नॉर्टन कमांडो या जुन्या ब्रिटिश मोटारसायकलच्या गिअरबॉक्सवर मागच्या चेनच्या स्प्रॉकेटचा, म्हणजे चेन फिरवणाऱ्या दातेरी चाकाचा, नट उलट्या आट्यांचा, म्हणजे उजवीकडे फिरवल्यावर सुटणारा असतो, तर त्याच गिअरबॉक्सवरचा क्लचचा नट सरळ आट्यांचा. असा उलटा नट पाइप लावून डावीकडे ओढणारा माणूस तो सोडवत नसतो, आणखी आवळत असतो; हा पराक्रम मीही एकदा केला आहे. शाफ्टचे टोक नटाबाहेर डोकावत असेल, तर ते उभे आहे असे समजून आटे पाहावेत: उजवीकडे चढत गेले तर सरळ, डावीकडे चढत गेले तर उलटे. लॉक वॉशरची दुमडलेली कड किंवा अडवणारा छोटा स्क्रू आधी मोकळा करावा, हे वेगळे सांगायला नको, तरी त्या उपायात त्याचा उल्लेखही नाही.

नट मुळात गोल का झाला, हेही पाहावे. जुन्या ब्रिटिश गाड्यांवर व्हिटवर्थ मापाचे, म्हणजे इंचांतल्या जुन्या ब्रिटिश पद्धतीचे नट असतात, आणि त्यांच्या पान्यावरचा आकडा तोंडाचा नव्हे, बोल्टच्या व्यासाचा असतो. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ पान्याचे तोंड 0.920 इंच, म्हणजे 23.37 मिलिमीटर असते, आणि त्यावर 24 चा पाना चढवला की कोपरे झिजणारच.

दात्यांत स्क्रूड्रायव्हर अडकवण्याविषयी एवढेच पुरे की कठीण दात्याचा टवका उडाला तर तो गिअरबॉक्सच्या पोटातच पडतो. स्प्रॉकेटला जुनी चेन गुंडाळून तिची टोके व्हाइसमध्ये पकडावीत.

राहिला ग्राइंडर. त्याच्या चाकाची कुरुंदासारखी बारीक पूड बेअरिंगमध्ये गेली की ती धुऊन काढणे जवळजवळ अशक्य असते, आणि चकती आट्यांपर्यंत कधी पोहोचली हे ठिणग्यांमुळे दिसतही नाही. याऐवजी नट फोडावा. समजा, नट समोरासमोरच्या सपाट बाजूंमध्ये 30 मिलिमीटर आणि आटे 20 चे आहेत. मग सपाट बाजूच्या मध्यावर भिंत जेमतेम 5 मिलिमीटर उरते. तिच्या बरोबर मध्ये सेंटर पंचने खूण करून, शाफ्टला समांतर, 3 मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे आट्यांच्या बाजूला एक मिलिमीटर धातू राखण म्हणून राहतो. ड्रिलवर नटाच्या जाडीएवढ्या खोलीला चिकटपट्टी लावून ठेवावी आणि बेअरिंगभोवती ग्रीस लावलेले फडके कोंबावे, म्हणजे कीस त्यालाच चिकटतो. मग बाहेरच्या बाजूने, भोकाच्या रेषेवर, छिन्नीचा आडवा घाव घालावा. शाफ्टच्या टोकावर मात्र हातोडी पडू देऊ नये, कारण तो धक्का थेट बेअरिंगच्या गोळ्यांना बसतो. भिंत ‘टक्’ असा कोरडा आवाज करून तडकते आणि नट मोकळा होतो. आटे ब्रशने साफ करून नवा नट आधी कोरड्या बोटांनी फिरवून पाहावा: तो शेवटपर्यंत न अडखळता गेला, तरच पान्याला हात लावावा.