मामेभाऊ दर दोन दिवसांनी बदलतो

दादरचा वन बीएचके रिकामा पडलाय? भाडेकरू कशाला शोधताय, रोजच्या पाहुण्यांना द्या. फक्त सोसायटीला कळू देऊ नका. कळलं तर नॉन-ऑक्युपन्सी चार्जेस, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याचा आकार, लागतील: सर्व्हिस चार्जेसच्या जास्तीत जास्त १० टक्के, तेही पालिकेचा कर वगळून. ३,००० असतील तर महिन्याला तब्बल ३०० रुपये! त्यापेक्षा वॉचमनच्या हातावर हजार ठेवा आणि गेटवरच्या वहीत ‘मामेभाऊ’ लिहायला सांगा. मामेभाऊ दर दोन दिवसांनी बदलतो, चाकांची बॅग ओढत येतो आणि त्याला पोर्तुगीजखेरीज काही बोलता येत नाही, हा तुमचा घरगुती मामला आहे.

करार ५०० च्या स्टॅम्प पेपरवर, अकरा महिन्यांचा. अकराला नोंदणी लागत नाही असं सगळेच म्हणतात ना? १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ५५ तेवढं तसं म्हणत नाही. लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नसेल तर मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद, ५,००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. पण नोंदणी फीचे हजार रुपये तर वाचले!

परदेशी पाहुणा उतरला की २४ तासांत सरकारला ऑनलाइन कळवायचं असतं. त्यात पासपोर्ट, व्हिसा नंबर, आला कुठून, जाणार कुठे, सगळं भरायचं. तुमच्याकडे त्याचा गेटवेवरचा सेल्फी आहे, तो पुरे. केंद्राची निवास-न्याहारी योजनाही आहे, १ ते ६ खोल्यांसाठी; पण तिच्यात मालकाने त्याच घरात राहावं लागतं, आणि तुम्ही तर ठाण्यात.

किल्लीसाठी मीटरबॉक्सशेजारी आकड्यांच्या कुलपाची डबी लावा. आकडा १२३४, कधीही बदलू नका. पावसाळ्यात तिची चाकं गंजून अडकतील, मग पाहुणा रात्री दोनला समोरच्या काकूंची बेल वाजवेल.

आणि पाण्याच्या वेळा मुळीच लिहून ठेवू नका. दुपारी नळ कोरडा दिसतो, पाहुणा तो उघडाच ठेवून घारापुरीला जातो. बेसिनमध्ये कालची नूडल्स अडकलेली. सहाला टाकीचं पाणी सुटतं, पाहुणा आठला येतो. मधल्या दोन तासांत खालच्यांचं नवं फॉल्स सीलिंग टपकायला लागतं आणि सेक्रेटरी वही घेऊन तुम्हाला फोन लावतात. म्हणतात, मामेभावाला जरा खाली पाठवा. कोणत्या, ते आधी विचारून घ्या.