'एक पालक' यांना उत्तर (जरा लांबलंय, चहा घेऊन बसा)

'एक पालक' या नावाने मागच्या लेखावर आलेली प्रतिक्रिया मी उडवलेली नाही आणि उडवणारही नाही. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. शाळेतल्या लैंगिक शिक्षणात समलिंगी आणि ट्रान्स मुलामुलींबद्दलही बोललं पाहिजे असं मी लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं की ही सगळी अमेरिकेची फॅडं आहेत, कोवळ्या पोरांच्या डोक्यात नको ते भरवायचं, उद्या माझा मुलगा 'तसा' झाला तर जबाबदार कोण, आधी पोरांना धड गणित शिकवा मग बाकीचं बघू, आणि शिकवायचंच असेल तर काय शिकवणार ते पालकांना आधी दाखवा.

गणितापासूनच सुरू करूया मग. र. धों. कर्वे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणितच शिकवायचे हो. संततिनियमनावर उघड बोलायला लागले आणि ती नोकरी गेली. 1927 पासून ते 'समाजस्वास्थ्य' नावाचं मासिक काढत होते, त्यात लोक पत्रं पाठवून प्रश्न विचारायचे आणि कर्वे सरळ भाषेत उत्तरं द्यायचे. 1934 साली त्या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला, प्रश्न होते हस्तमैथुनाचे आणि समलिंगी संबंधांचे. त्यांची बाजू कोर्टात कोणी मांडली? डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. केस हरले, दंड बसला, पण मासिक कर्व्यांनी 1953 साली मरेपर्यंत चालवलं. आता मला सांगा, ही पत्रं काय अमेरिकेतून येत होती का? ज्यांच्या घरात विचारायची सोय नव्हती अशी आपलीच माणसं होती ती.

आता वर्गात या. मी विज्ञान शिकवते. दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे, त्यात अमिबा, हायड्रा, फुलाचे भाग सगळं दोन-दोन तास रंगवून शिकवलं जातं, आणि माणसाचं पान आलं की बऱ्याच ठिकाणी "हे घरी वाचा". घरी कोण वाचणार? पोरं मोबाईलवर बघतात, आणि तिथे जे दिसतं ते तुम्हालाही माहितीये मलाही.

आणि 'नको ते' आपण न बोलल्याने मुलांपर्यंत पोचत नाही असं वाटत असेल तर मधल्या सुट्टीत एकदा मुलांच्या टॉयलेटबाहेर उभे राहा. आठवीतला एक मुलगा होता, बोलणं जरा मऊ, हातवारे करत बोलायचा. त्याला नावाने हाक मारणारं वर्गात कोणी नव्हतंच, 'ए बायल्या', 'ए छक्क्या' एवढंच. आत गेला की बाकीचे पँट ओढायचे, 'चेक' करायला. त्यामुळे त्याने शाळेत पाणी प्यायचंच बंद केलं, सकाळी आईने भरून दिलेली बाटली संध्याकाळी तशीच घरी जायची. आई डॉक्टरकडे घेऊन गेली लघवीला जळजळ होते म्हणून, तेव्हा कारण कळलं. तो मुलगा पुढे गे निघेल का नाही मला माहीत नाही, तो प्रश्नच नाहीये. प्रश्न पँट ओढणाऱ्या पोरांचा आहे, त्यांना कोणीतरी काहीतरी शिकवलेलंच होतं ना, फक्त ते आपण शिकवलेलं नव्हतं.

'तसा झाला तर' बद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडे भातुकलीपासून सिनेमापर्यंत चोवीस तास नवरा-बायकोचाच क्लास चालू असतो, तरी काही मुलं समलिंगी असतातच. जागतिक आरोग्य संघटनेने 1990 मध्येच समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली, सुप्रीम कोर्टाने 6 सप्टेंबर 2018 ला समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम 377 मधून प्रौढांचे संमतीचे संबंध वगळले, आणि 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरांचा तो प्रकार 2022 पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या लेखी गैरवर्तन आहे. कोणी गाठ घालून दिली असेल तर पैसे वाया घालवू नका, आणि पैशापेक्षा पोराला वाचवा.

उलट तुमच्या मुलासाठीच एक गोष्ट वाचा. 2007 मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 13 राज्यांत मुलांवरच्या अत्याचारांचा अभ्यास केला, त्यात लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगणाऱ्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. मुलगे! मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांसाठीचा पॉक्सो कायदाही मुलगा-मुलगी असा भेद करत नाही. पण ज्या घरात 'पुरुष पुरुषाशी' हे शब्दच उच्चारायचे नाहीत तिथे दहा वर्षांचा पोरगा काकाचं किंवा ट्यूशनच्या दादाचं नाव कसं सांगणार? त्याला वाटतं आपणच 'तसे' आहोत म्हणून आपल्याबरोबर हे झालं. हे दोन्ही वेगळं आहे, अत्याचार वेगळा आणि कोणी समलिंगी असणं वेगळं, हे सांगायचं म्हटलं तरी आधी दोन्हींबद्दल बोलावं लागतं.

तुमचा एक मुद्दा मात्र शंभर टक्के मान्य, काय शिकवणार ते पालकांना आधी दाखवा. दाखवायलाच पाहिजे. पण आपल्याकडे दाखवायची वेळच येऊ देत नाहीत. 2007 मध्ये महाराष्ट्राच्या विधानसभेत गदारोळ झाला आणि राज्याने किशोरवयीन शिक्षणाचा कार्यक्रमच थांबवला. 2021 मध्ये ट्रान्सजेंडर मुलांना शाळेत सामावून कसं घ्यायचं यावर एनसीईआरटीने शिक्षकांसाठी पुस्तिका काढली, तक्रार झाली, वेबसाइटवरून गायब. तिच्यात काय चुकीचं आहे यावर पालक-शिक्षक सभेत भांडता आलं असतं तर मला आवडलं असतं, मी स्वतः दोन-तीन ठिकाणी भांडले असते.

आणि कुठल्या वयात काय, तर पहिलीतल्या पोराला सेक्स कोणी शिकवत नाही हो. त्याला शरीराच्या भागांची खरी नावं, नको असलेल्या स्पर्शाला नाही म्हणणं, आणि कोणाला दोन आया असू शकतात, कोणाला फक्त आजी, एवढंच. युनेस्कोने 2018 मध्ये सुधारलेल्या मार्गदर्शिकेत वयाप्रमाणे गट पाडलेत, आणि असं शिक्षण मिळाल्याने मुलं लवकर 'त्या' मार्गाला लागतात असं कुठे दिसलेलं नाही हेही त्यात आहे. तुमचा मुलगा कितवीत आहे ते कळवा, त्या वयाला मी वर्गात काय बोलते ते शब्दन् शब्द इथेच टाकते, मग त्यातलं कुठलं वाक्य खटकतंय ते सांगा.