विषय सारखाच आहे, एकत्र घेऊ

सर्वप्रथम अभिनंदन. सोसायटीच्या सेक्रेटरीपदावर तुमची बिनविरोध निवड झाली आहे. नाव सुचवलं गेलं तेव्हा तुम्ही फोन घ्यायला बाहेर गेला होतात, हा भाग वेगळा. आता ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा उरकायची आहे, तिची नोटीस पूर्ण १४ दिवस आधी फळ्यावर लावायची आहे आणि सभासदांच्या अर्जांनी फाइल फुगली आहे. घाबरून जाऊ नका. अर्ज कितीही असले तरी विषय फार नसतात. नसावेत. किती असावेत हे ठरवणं आता तुमच्याच हातात आहे.

विषयपत्रिका एका पानात बसलीच पाहिजे, एवढं मनाशी पक्कं करा. दोन पानी विषयपत्रिका पाहिली की सभासदांना वाटतं, सोसायटीत बऱ्याच अडचणी आहेत. एक पानी पाहिली की वाटतं, कमिटी चांगलं काम करतेय. अडचणी दोन्हीकडे तेवढ्याच असतात, पण त्या कमी करण्यापेक्षा पान कमी करणं स्वस्त पडतं. पहिले तीन विषय ठरलेलेच आहेत: मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, वार्षिक अहवाल व हिशेबपत्रके स्वीकारणे, लेखापरीक्षकांची नेमणूक करणे. शेवटचाही ठरलेला: 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय'. हे विषय येईपर्यंत बटाटेवडे आलेले असतात, त्यामुळे त्यांची काळजी नाही. मधल्या जागेत काय ते तुमचं कर्तृत्व.

तिथे लिहा: 'विषय क्र. ४ : पाणी'. बस्स.

या एका शब्दाखाली किती अर्ज मावतात पाहा. ४०२ मधले काका वरच्या मजल्यावर राहतात. पावसाळ्यात त्यांच्या बेडरूमच्या छतातून पाणी ठिबकतं आणि त्यांनी पलंग खिडकीकडून कपाटाकडे सरकवला आहे. १०२ मधल्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या छताला बारा महिने ओल असते, कारण त्यांच्या बरोबर वर २०२ चं बाथरूम आहे. ४०१ वाल्यांना सकाळी सात ते साडेआठ नळाला धारच नाही. ३०३ मध्ये एकटे राहणारे गृहस्थ विचारतात, शेजारच्या सहा माणसांच्या घराएवढंच पाणीबिल मला का? तळमजल्यावरच्या आजोबांचं म्हणणं, टँकर आला की खालची टाकी भरून वाहते आणि ते पाणी त्यांच्या दारात साचतं. आणि २०१ मधल्या आजींनी वहीचा अर्धा कागद फाडून एवढंच लिहिलंय की मीटर रूमच्या बोर्डावर वरून पाणी टपकतं.

सहा अर्ज, सहा सह्या, विषय मात्र एक. सगळ्यांत पाणी आहेच की नाही?

सभेत हा विषय आला की तुम्ही फारसं बोलायचं नाही. गणपूर्तीची अडचण आधीच सुटलेली असेल. एकूण सभासदांच्या दोन-तृतीयांश किंवा २०, यांतले जे कमी तेवढे लोक लागतात. ते नसले तर सभा अर्धा तास तहकूब करा. तहकुबीनंतर जी माणसं अपुरी होती तीच नियमानुसार पुरेशी होतात. मग म्हणा, "पाण्याबद्दल बऱ्याच जणांचे अर्ज आलेत, विषय सारखाच आहे, एकत्र घेऊ." आणि खुर्चीत मागे टेका. ४०२ चे काका उभे राहतील. "पाऊस सुरू झाला की आमच्याकडे..." एवढ्यात १०२ च्या काकू म्हणतील, "तुमचं निदान पावसात तरी, आमच्याकडे वर्षभर!" ४०१ वाले म्हणतील, "तुम्हाला पाणी तरी आहे!" टाळ्या. २०२ वाले, ज्यांच्या बाथरूमवरून सगळं सुरू झालं, तेही आवेशाने म्हणतील की पाण्याचा प्रश्न एकदाचा सोडवलाच पाहिजे. त्यांना बोलू द्या. एरवी त्यांना उत्तर द्यावं लागलं असतं, आज ते तक्रारदारांच्या रांगेत उभे आहेत. कुणाकडे पाणी जास्त, कुणाकडे कमी; सरासरी काढलीत तर पाणीपुरवठा समाधानकारक निघतो.

आता कुणीतरी एक असतोच. बहुधा निवृत्त, बहुधा बँकेतला, आणि उपविधींची, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीची, प्रत घेऊन पहिल्या रांगेत बसलेला. तो उभा राहील आणि रंगाचा बेरंग करेल. सांगेल, की आदर्श उपविधींप्रमाणे सामायिक गच्चीतून होणारी पावसाची गळती, आणि तिने खराब झालेलं वरच्या मजल्याचं छत व प्लास्टर, यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने करायची असते. बाहेरच्या सामायिक पाइपची गळतीही सोसायटीची. घराच्या आतल्या बाथरूमची किंवा सिंकची गळती मात्र ज्याच्या त्याच्या खर्चाची. म्हणजे ४०२ ला सोसायटीने वॉटरप्रूफिंग करून द्यायचं आणि १०२ साठी २०२ वाल्यांना पत्र जायचं. छताला डाग दोन्हीकडे सारखाच पिवळा, पैसे देणारा वेगळा. काकांचा विषय दोन मिनिटांचा आहे: तीन कोटेशनं मागवा, पुढे चला.

हे ऐकून डगमगू नका. उलट हीच तुमच्या परीक्षेची वेळ. त्यांचं ऐकून विषय वेगळे केलेत तर काय होईल? ४०२ चं उत्तर 'होय' येईल. मग कोटेशन, मग कंत्राटदार, मग दुरुस्ती निधीतून चेक, आणि पुढच्या जूनमध्ये पहिला थेंब पडला की फोन तुम्हाला. २०२ वाल्यांना पत्र लिहिलंत तर ते लिफ्टमध्ये बोलायचे बंद होतील. मीटर रूमचा अर्धा कागद वेगळा वाचून दाखवलात तर सभा तिथेच थांबेल, कारण विजेच्या बोर्डावर पाणी म्हटल्यावर वड्यांचीसुद्धा कुणाला आठवण राहत नाही. त्यापेक्षा त्या सद्‌गृहस्थांना म्हणा, "साहेब, मुद्दा चांगला आहे, पण मूळ विषयाला फाटे नको फोडायला." आणि इतिवृत्तात लिहा: 'पाणी व गळतीविषयक सर्व तक्रारींवर साधकबाधक चर्चा होऊन त्यांचा एकत्रित विचार करून योग्य ती कार्यवाही करावी असे सर्वानुमते ठरले.' सूचक म्हणून ४०२ च्या काकांची सही घ्या, अनुमोदक म्हणून १०२ च्या काकूंची. पुढच्या वर्षी तेच अर्ज आले की चष्मा कपाळावर चढवून विचारायचं, "अहो, तुमचा विषय मागच्या सभेत झाला ना? ठराव तुम्हीच मांडला होतात."

कुणी म्हणेल, न्यायालयंही सारख्या याचिका एकत्र ऐकतात. अगदी खरं आहे, हा दाखला सभेत जरूर द्या. फक्त पुढचं सांगू नका. तिथे एकत्र ऐकायच्या आधी कायद्याचा मुद्दा खरोखर एकच आहे का ते पाहतात, आणि निकालपत्राच्या माथ्यावर एकत्र घेतलेल्या याचिकांचे क्रमांक लिहिलेले असतात, म्हणजे आपलं काय झालं हे ज्याला त्याला शोधता येतं. आपल्याकडे एवढ्या खोलात कुणी जात नाही.

बिलाचंही तसंच करा. उपविधींना एकेका खर्चाची वेगळी वाटणी करायची भारी हौस. पाणीपट्टी घरातल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर. लिफ्टचा खर्च सगळ्यांना समान, मग तळमजल्यावरच्या आजोबांनी तिचं दार उघडलेलं असो वा नसो. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के, सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी, किमान ०.२५ टक्के. एवढे रकाने छापले की माणसं वाचतात, आणि वाचली की विचारतात. तुम्ही 'मेंटेनन्स' असा एकच रकाना ठेवा आणि आकडा लिहा. मग ३०३ वाल्यांना आपलं पाणीबिल जास्त आहे की नाही हेच कळणार नाही, आणि त्यांचा अर्ज आपोआप निकाली निघेल. मोठे फ्लॅटवाले आणि छोटे फ्लॅटवाले 'चौरस फुटावर घ्या, समान घ्या' करत आपसांत भांडत राहतील, पण ते कमिटीशी भांडण नव्हे.

आता मोबाइलकडे वळू. तुमच्या आधीच्या सेक्रेटरींनी 'ए विंग', 'बी विंग', 'पार्किंग', 'गणपती कमिटी' असे वेगवेगळे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करून ठेवलेत. हा पसारा आहे. पूर्वी एका ग्रुपमध्ये २५६ माणसं बसायची, २०२२ पासून १०२४ बसतात. ही सोय कुणासाठी केली असेल? सगळे ग्रुप मोडून एकच करा. नावात 'परिवार' हा शब्द हवा.

मग सकाळी सव्वासातला काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. ए विंगमधून मेसेज: "पाणी आलं का?" उत्तर: "हो, आलं." हे बी विंगमधून, जिथली टाकी वेगळी, पंप वेगळा आणि व्हॉल्व्ह सोडणारा माणूसही वेगळा. ए विंगवाले बादल्या लावून बसतात. नऊ मिनिटांनी दुसरं कुणी लिहितं, "अजून नाही आलं." त्यावर बी विंगवाले, "आमच्याकडे मघाशी होतं, आता गेलं वाटतं," आणि उठून आपला चालू नळ तपासतात. यामध्ये गणपतीच्या वर्गणीचा क्यूआर कोड येतो, कुणाच्या गाडीमागे कुणाची गाडी लागलीय त्याचा फोटो येतो. प्लंबर बी विंगच्या गच्चीवर चढून सगळं ठीक असल्याचा अंगठा टाकतो. त्या अंगठ्याला सव्वीस अंगठे. कुणाचा नळ कोरडा आहे हे शोधायला आता वर ऐंशी मेसेज सरकवावे लागतात, आणि ज्याचा कोरडा आहे तो तोवर बिसलेरीने दात घासून ऑफिसला गेलेला असतो. तक्रार संपली.

पार्किंगचा वेगळा धडा देत नाही. पाण्याचं जमलं की तेही जमेल. पाहुण्यांच्या गाड्या, भाडेकरूंच्या गाड्या आणि पावणेदोन जागा अडवून उभी असलेली चेअरमनसाहेबांची गाडी यांना 'वाहनशिस्त' हे नाव छान दिसतं.

मात्र एका बाबतीत फार जपायचं. एकत्रीकरणाची सवय लागली की हात सैल सुटतो आणि माणूस नको ते एकत्र करून बसतो.

समजा, चार महिन्यांत चार अर्ज आले. १०४ च्या हॉलच्या भिंतीला पोपडे धरलेत. २०४ च्या कपाटामागे बुरशी. ३०४ मध्ये नव्या रंगावर फुगे. ४०४ मधून म्हणतात, डक्टकडच्या भिंतीला हात लावला की ओला होतो. एकात पाण्याचं नाव आहे, बाकी तिघांत नाही. एक पोपड्यांचा, एक बुरशीचा, एक रंगाचा. हे अर्ज चुकूनही एका फाइलमध्ये ठेवू नका. शेजारी शेजारी ठेवलेत तर शाळकरी पोरालाही दिसेल की ही एकावर एक असलेली चार घरं आहेत, सगळ्यांची तीच भिंत ओली आहे, आणि त्या भिंतीपलीकडे डक्टमधून गच्चीवरचा पाइप खाली येतो. मग तो एक जॉइंट बदलला की चारही तक्रारी एका दुपारी संपतात. वर तो पाइप सामायिक, म्हणजे खर्च सोसायटीचा, म्हणजे सही तुमची.

म्हणून या चौघांना प्रत्येकी वेगळा वेळ द्या. प्रत्येकाचं शांतपणे ऐका. पोपडेवाल्यांना म्हणा, "पुट्टी हलकी वापरली असणार." बुरशीवाल्यांना म्हणा, "कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे घ्या, हवा खेळू द्या." फुगेवाल्यांना रंगाच्या कंपनीकडे पाठवा. हात ओला होणाऱ्यांना मुंबईची दमट हवा समजावून सांगा; पुण्यात असाल तर म्हणा, यंदा पाऊसच फार झाला. प्रत्येकाला वाटलं पाहिजे की हे फक्त आपल्याच घरात होतंय, आणि त्यात थोडी आपलीच चूक आहे. अशी माणसं सभेत हात वर करत नाहीत. दर दिवाळीला आपापल्या खर्चाने भिंत खरवडून घेतात आणि पाहुणे आले की सोफा तिकडे सरकवतात.

धोका एकाच माणसाकडून असतो. चौघांनीही वेगवेगळ्या दिवशी बोलावलेला प्लंबर एकच निघाला, तर तो चौथ्या घरातून थेट तुमच्याकडे येईल आणि दारातच म्हणेल, "साहेब, चारही घरांची लाइन एकच आहे, वरचा जॉइंट गेलाय, आठशे रुपयांत करून देतो."

त्याला पाणी द्या, आभार माना आणि प्लंबर बदला.