लॅपटॉप आहे, मोटारसायकल नव्हे

सध्या कोल्हापुरात व्हॉट्सॲपवर एक मेसेज जोरात फिरतोय. ‘लॅपटॉप गरम होतोय? हँग होतोय? राजारामपुरीत दुकानदाराला पैसे मोजू नका, घरच्या घरी दहा मिनिटांत नव्यासारखा करा.’ खाली सहा उपाय, आणि शेवटी नेहमीप्रमाणे ‘सर्वांना पाठवा’. पाठवणाऱ्यांची भावना चांगली असेल, पण उपाय वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर मोटारसायकल होती. धुवा, हवा मारा, तेल सोडा. लॅपटॉपला यातलं काहीच लागत नाही.

पहिला उपाय असा: ‘लॅपटॉप चालू ठेवूनच पुसा, म्हणजे आतल्या उष्णतेनं ओल लगेच वाळते.’ उलट आहे. नुसत्या ओलीनं सर्किट सहसा जळत नाही, ओल असताना वीज खेळली की जळतं. आधी शटडाउन, मग चार्जर काढायचा, मगच फडकं हातात घ्यायचं. झाकण मिटून ‘स्लीप’वर टाकलेला लॅपटॉप बंद धरू नका.

‘स्क्रीनवर काच पुसायचा स्प्रे मारा, आरशासारखी चमकेल.’ बहुतेक साध्या लॅपटॉपच्या स्क्रीनवर काच नसतेच. वर प्लॅस्टिकचा पातळ थर असतो आणि उजेड चमकू नये म्हणून त्यावर लेप असतो. काचेच्या बऱ्याच स्प्रेंमध्ये अमोनिया नाहीतर दुसरं द्रावक असतं. त्यानं तो लेप जागोजागी उडतो आणि पांढरट डाग कायमचे राहतात. शिवाय थेट मारलेला स्प्रे ओघळून खालच्या पट्टीतून आत उतरतो, आणि स्क्रीनची नाजूक जोडणी बऱ्याचदा तिथंच असते. चष्म्याचं मऊ फडकं घ्या. डाग हटत नसेल तर ते किंचित ओलं करा, तेही डिस्टिल्ड वॉटरनं, म्हणजे गाडीच्या बॅटरीत घालतात त्या पाण्यानं. बोअरच्या पाण्यानं पुसलं तर वाळल्यावर क्षारांचे ठिपके उठतात.

कीबोर्डसाठी मेसेज म्हणतो, ‘सॅनिटायझर शिंपडा, अल्कोहोल उडून जातं.’ अल्कोहोल उडतं हे खरं, पण ग्लिसरीन उडत नाही. हाताची कातडी कोरडी पडू नये म्हणून ते सॅनिटायझरमध्ये घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रातही ते १.४५ टक्के आहे. हे चिकट ग्लिसरीन बटणाखाली बसलं की धूळ धरतं, आणि महिन्याभरात ‘ए’ दाबला की तीन ‘ए’ उमटायला लागतात. पुसायचंच असेल तर मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मिळतं. ते फडक्यावर घ्यायचं, लॅपटॉपवर ओतायचं नाही, आणि स्क्रीनला लावण्याआधी कंपनीच्या माहितीपुस्तकात चालतं का ते बघायचं. बटणांमधली धूळ काढायला लॅपटॉप तिरका धरून रंगकामाचा नवा मऊ ब्रश पुरतो. खंडेनवमीला लॅपटॉपची पूजा करणाऱ्यांना एवढंच सांगणं की हळदकुंकू मिटलेल्या झाकणावर वाहा. हळदीची पूड बटणाखाली गेली की ब्रशनंही धड निघत नाही.

आता खरा घातक उपाय. ‘उद्यमनगरात कुठल्याही गॅरेजमध्ये कॉम्प्रेसरची हवा मारून घ्या, सगळी धूळ एका फटक्यात बाहेर.’ आपल्याकडं हे अगदी सहज होतं. गाडीत हवा भरायला थांबलेला माणूस पाठीवरची सॅक उघडतो, ‘मिस्त्री, यालाबी जरा हवा मारा की,’ म्हणतो आणि मिस्त्री मारतो. गॅरेजच्या टाकीत दाब १०० पीएसआयच्या घरात असतो. कारच्या टायरला ३०-३५ लागतो. त्या झोतापुढं लॅपटॉपचा पंखा त्याला झेपतं त्यापेक्षा कितीतरी जोरात गरगरतो आणि बेअरिंग ढिलं होतं. फिरवलेली मोटर उलट जनरेटरसारखी वीजही तयार करते, ती बोर्डाकडं जाते.

त्याहून वाईट म्हणजे ती हवा कोरडी नसते. कधी टाकीच्या बुडाचा कॉक उघडताना बघा: आधी फसकन आवाज, मग तांबूस, तेलकट पाणी. दाबलेल्या हवेतली वाफ गार होऊन टाकीत साठते, तिच्यात गंज आणि कॉम्प्रेसरचं तेल मिसळतं. जुलै-ऑगस्टच्या कोल्हापुरी पावसात तर विचारूच नका. टायरला त्याचा फारसा फरक पडत नाही, मदरबोर्डला पडतो.

आणि एवढं करून धूळ निघते का? वरची निघते. लॅपटॉप गरम होतो तो पंखा आणि तांब्या-ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांची जाळी यांच्या मधोमध साचलेल्या थरामुळं. इचलकरंजीत यंत्रमागाची तूस उडते, कारखान्यांच्या आसपास गळीत हंगामात काळी राख पडते. असल्या ठिकाणी हा थर नमद्यासारखा घट्ट होतो, आणि बाहेरून मारलेली हवा त्याला जाळीत आणखी ठोकून बसवते. ओळखायची खूण सोपी आहे. पंखा घोंघावतोय, पण हवा बाहेर पडते तिथं धरलेला टिश्यूचा तुकडा धड हलत नाही, म्हणजे जाळी तुंबलीय. मग मागचं झाकण उघडावंच लागतं. बॅटरीची जोडणी आधी सोडवायची, पंखा काडीनं अडवून धरायचा आणि कॅमेऱ्याच्या लेन्सचा रबरी फुगा नाहीतर मऊ ब्रश वापरायचा. कुठला स्क्रू कुठून काढला ते कागदावर मांडून ठेवायचं. लांब स्क्रू आखूड जागी पिळला तर आत काहीतरी फुटतं. हात बसलेला नसेल तर सरळ दुकानात द्या. मेसेजमध्ये वाचवायला सांगितलेले पैसे इथंच घालवायचे असतात. आणि तोवर निदान गादीवर ठेवून वापरू नका, कारण बऱ्याच लॅपटॉपना हवा खालूनच मिळते.

‘पंखा आवाज करत असेल तर खोबरेल तेलाचा एक थेंब.’ नको. थंडीत खोबरेल थिजतं, एरवी धूळ धरतं. एवढ्यावर याचं काम संपलं.

‘चहा सांडला तर रात्रभर तांदळाच्या डब्यात ठेवा.’ तांदूळ यंत्राच्या आतलं पाणी ओढून घेत नाही. बाजूला मोकळ्यावर ठेवलं तरी तेवढंच वाळतं. वर तांदळाची पिठी आणि कणी फटींत जाते ती वेगळी. २०२४ मध्ये ॲपलनंही ओला आयफोन तांदळात ठेवू नका असं स्पष्ट लिहिलं. आपल्या चहाचा प्रश्न पाण्यापुरता नसतोच. पाणी उडालं तरी साखर आणि दूध बोर्डावर राहतं, आणि पुढचे काही आठवडे तांबं खात बसतं. म्हणून ‘सकाळी चालू झाला की, बघा!’ हा पुरावा धरू नका. सांडल्या क्षणी पॉवरचं बटण दाबून धरून बंद करा, चार्जर काढा, उघडून तंबूसारखा उलटा ठेवा, आणि चालू करून न बघता दुरुस्तीला न्या. हेअर ड्रायरही नको, तो ओल आत ढकलतो.

मेसेजच्या शेवटी एक ‘बोनस टिप’ आहे: ‘टचपॅड वर आला असेल तर अंगठ्यानं दाबून बसवा, कचरा अडकलेला असतो.’ कचऱ्यानं टचपॅड सहसा वर येत नाही. बऱ्याच लॅपटॉपमध्ये त्याच्या खाली बॅटरी असते, आणि लिथियम बॅटरी फुगली की ती टचपॅडला वर ढकलते. तिच्यावर दाब पडून आतले थर फाटले तर ती पेट घेऊ शकते. असा लॅपटॉप दिसला तर चार्जिंग बंद, वापर बंद. बॅटरीला टोचू नका, कचऱ्याच्या घंटागाडीत टाकू नका. कुणी आधीच दाबून बसवला असेल, तरी आजच दुकानात न्या.