पाठपोट काढू का?

माझ्या नव्या नोकरीचा पगार घरच्यांच्या आधी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याला कळला. वर तो त्याला कमी वाटला, हे जास्त लागलं.

ऑफर लेटर दुपारी ४.४० ला आलं. १९ पानं. प्रत्येक पानावर सही करून, स्कॅन करून ६ पर्यंत पाठवा, नाहीतर ऑफर रद्द समजा. शेवटच्या मुलाखतीनंतर पाच आठवडे ज्यांनी फोन उचलला नव्हता, त्यांना आता ऐंशी मिनिटांची घाई झाली होती.

"पाठपोट काढू का?"

"नको, सह्या करायच्यात."

"ऑफर लेटर होय!" म्हणत त्याने तिसरं पान ट्रेमधून उचललं आणि तिथेच थांबला. "बारा लाख."

दुकानात आधारच्या कॉप्या काढायला आलेल्या एक आजी होत्या आणि प्रोजेक्टचं बाइंडिंग न्यायला आलेला एक मुलगा. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

"म्हणजे महिन्याला लाख," मुलगा म्हणाला.

"कुठला लाख? रोज दोन-तीन ऑफर लेटरं जातात या काचेवरून." झेरॉक्सवाल्याने कॅल्क्युलेटर ओढला. एरवी त्यावर तो फक्त पानं गुणिले दोन करतो. "बेसिक ५० हजार. त्यावर कंपनीचा पीएफ १२ टक्के, महिन्याला ६ हजार. तो यांच्या बारा लाखांतच धरलाय. वर्षाचे ७२ हजार गेले."

"गेले कसे? माझ्याच खात्यात जमा होणार ना!"

"होणार हो. पण आजी हातातलं विचारतायत."

आजींनी काहीच विचारलं नव्हतं. आता विचारलं. "हातात किती रे?"

"थांबा. नोकरी सोडताना मिळते ती ग्रॅच्युइटी, बेसिकच्या ४.८१ टक्के. वर्षाचे २८,८६०."

इथे मीही थोडं ज्ञान पाजळलं. वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरायचा. म्हणून १५ भागिले २६, भागिले १२, की आले ४.८१. हे गणित मूळ १९७२ च्या कायद्यातलं. कायम नोकरी असेल तर सलग ५ वर्षं भरावी लागतात.

"तुम्ही कुठे टिकलाय का पाच वर्षं?" त्याने विचारलं. माझा बायोडेटाही त्यानेच छापला होता.

मग व्हेरिएबल, १ लाख २० हजार. वर्षाअखेरी, कंपनीची कामगिरी बघून, आणि त्या तारखेला मी राजीनामा दिलेला नसेल तर. मग गटविम्याचा हप्ता, १२ हजार. उरले महिना ८०,५९५. त्यातून माझ्या वाट्याचा पीएफ आणखी ६ हजार आणि व्यवसाय कर २००.

"७४,३९५," त्याने जाहीर केलं. "इन्कम टॅक्स नाही. नव्या पद्धतीत करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत, तर रिबेट, म्हणजे कर माफ. तेवढं एक बरंय."

व्यवसाय कराची गंमत सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो फेब्रुवारीत ३०० कापतात. राज्यघटनेने वर्षाला २,५०० च्या वर घेऊ नका म्हटलंय, आणि बारा दुणे चोवीस होतात. उरलेले शंभर सोडवेनात, म्हणून ते वर्षातल्या सगळ्यांत तोकड्या महिन्याच्या बोकांडी बसवले.

पण मला खरा राग सीटीसीचाच, म्हणजे कंपनीचा माझ्यावरचा सगळा खर्च धरून सांगितलेल्या आकड्याचाच आहे. कायद्याने मालकाने भरायचाच असलेला पीएफ माझ्या पगारात मोजायचा, म्हणजे आहेराच्या यादीत मांडवाचं भाडं लावण्यासारखं झालं. मुलाखतीत आकडा विचारतात सीटीसीचा, आपण भोळेपणाने सांगतो मनातला हातातला, आणि दोघंही खूश होऊन उठतो. तिथेच "फिक्स्ड किती, व्हेरिएबल किती, मालकाचा पीएफ आत की बाहेर" हे तीन प्रश्न विचारायचे असतात. मी विचारले नाहीत. दिवाणखान्यासारख्या त्या खोलीत एसी फार छान होता.

पुढची पानं त्याने वाचली नाहीत, मी वाचली. नोटीस: मी ९० दिवसांची द्यायची, कंपनीने मला १५ दिवसांची. पैसे भरून लवकर सुटता येईल, पण "कंपनीच्या मर्जीनुसार". म्हणजे पैसे खिशात घेऊन उभे राहा, सोडायचं की नाही ते आम्ही ठरवू. पुढचा मालक महिन्याभरात हजर व्हा म्हणणार आणि इथलं रिलीव्हिंग लेटर तीन महिने लटकणार. जॉइनिंग बोनस वर्षाच्या आत सोडलं तर परत. मिळताना कर बसला तर तो कापून, परत करताना मात्र न कापलेला पूर्ण आकडा. किती महिने काम केलं त्या प्रमाणात वजावट? त्याबद्दल अक्षर नाही.

सोडल्यावर वर्षभर स्पर्धकाकडे जाणार नाही, हे कलम वाचून मी आयुष्यात पहिल्यांदा १८७२ च्या करार कायद्याला मनातल्या मनात हात जोडले. कोणाला काम-धंद्यापासून अडवणारा करार रद्द ठरवणाऱ्या त्यातल्या कलम २७ समोर हे टिकत नाही. बाँडला, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी सोडलं तर पैसे भरायच्या अटीला, मात्र हसू नये. २०२५ मध्येच सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेचा तीन वर्षांचा, दोन लाखांचा बाँड ग्राह्य धरला. माझ्या कागदात बाँड "कंपनीच्या धोरणानुसार" आहे. हे दोन शब्द १९ पानांत ११ वेळा आलेत. ते धोरण मात्र रुजू झाल्यावर दाखवणार.

"मग सही कशाला करतोस?" आजी म्हणाल्या. त्यांच्या कॉप्या केव्हाच झाल्या होत्या.

मला उत्तर सुचलं नाही. ५.३५ ला तिथेच काउंटरवर उभं राहून एचआरला चार प्रश्न मेल केले: नोटीस दोन्हीकडून सारखी का नाही, बोनस प्रमाणात का नाही, व्हेरिएबल गेल्या वर्षी किती टक्के दिलं, धोरणाची प्रत कुठे आहे.

५.५२ ला उत्तर आलं. "प्रिय उमेदवार, सर्व अटी प्रमाणित आहेत. सुधारित पत्र सोबत." सुधारित पत्र डोळ्यांत तेल घालून वाचलं. अटी त्याच, आकडे तेच. फक्त आधी बरोबर असलेलं माझं आडनाव आता चुकलं होतं.

"पुन्हा एकोणीस?" झेरॉक्सवाल्याने विचारलं.

"पाठपोट काढा," मी म्हणालो.